कोपऱ्यापर्यंत येतो

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत नानांच्या घरी जाणं अगदी सोपं आहे. अवघड आहे ते तिथून एकट्यानं परत येणं. माझ्या माहितीत हे आजवर कुणाला जमलेलं नाही. तुम्ही उठता, "बरं नाना, येतो" म्हणता, चपला शोधायला खाली वाकता आणि मान वर करता, तर नाना तुमच्या आधी चपला घालून, टोपी सरळ करून फाटकाबाहेर उभे.

"चला, कोपऱ्यापर्यंत येतो."

आता इतरांचा कोपरा एका जागी असतो. नानांचा कोपरा माणूस बघून सरकतो. वीजबिल वाटणाऱ्याचा कोपरा म्हणजे पलीकडची गल्ली. विम्याच्या माणसाचा कोपरा क्रांती चौकात. आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांचा कोपरा म्हणजे ते ज्या घरी पुढची पत्रिका देणार असतील ते घर. तिथं नानाही आत जातात, चहा घेतात आणि मंडळींना त्याच्या पुढच्या घरी पोहोचवतात. एका मुलीच्या बापानं निम्मं शहर अशा प्रकारे नानांच्या सोबतीनं उरकलं. लग्नाच्या दिवशी अर्धे पाहुणे नानांना वधूपिता समजून त्यांच्याच पाया पडत होते, आणि खरा बाप पंगतीत वाढायला उभा होता.

मी नानांचा शेजारी. भिंतीला भिंत. माझं दार त्यांच्या दारापासून एका ढांगेवर. तरी मला पोहोचवायला येतात. मी आत जातो, खिडकीतून बघतो, तर स्वारी रस्त्यावर उभीच. माझा दिवा लागला की मग वळतात. एकदा मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "कुलकर्णी, माणूस आत गेल्याबिगर पोहोचला म्हणायचं नसतं." त्यानंतर लाइट गेली की मी काडी ओढून खिडकीत धरतो. नाहीतर हा माणूस रात्रभर उभा राहील.

नाना मूळचे लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातले. शेती भाऊ बघतो. नानांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. असं सांगतात, की एका साहेबांची नांदेडला बदली झाली तेव्हा नाना त्यांना पोहोचवायला नांदेडपर्यंत गेले. तिथल्या ऑफिसला वाटलं, हेही बदलून आलेत. त्यांना टेबल दिलं, फायली दिल्या. भिडस्त माणूस, नाही कसं म्हणणार? आठवडाभर काम करून आले. हे मी स्वतः बघितलेलं नाही, पण नानांकडं बघितलं की खोटंही वाटत नाही.

काकू जाऊन काही वर्षं झाली. एकच मुलगी, वैशाली. पुण्याला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. वडलांना नानाच म्हणते. सुट्टी मिळाली की येते, घर झाडून-पुसून लख्ख करते, डबे भरते आणि जाते. आणि इथंच सगळी गल्ली बुचकळ्यात पडते. वैशाली निघाली की नाना स्वयंपाकघरात असतात. तिची बॅग रिक्षात जाते, आम्ही शेजारीपाजारी दारात जमतो, आणि आतून पाण्याचा आवाज. "नळ गळतोय गं, बघतोय जरा. जा तू, ये." विम्याच्या माणसाला क्रांती चौक आणि पोटच्या पोरीला उंबराही नाही!

"काका, मला काय उकिरड्यावरून उचलून आणलं होतं का?" ती मला विचारते. विचारताना हसते. पण रिक्षा वळेपर्यंत तिची मान मागंच असते, हे मी बघितलेलं आहे.

आता गेल्या वर्षीचं लासूर प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नानांकडं त्यांच्या गावाकडचे गंगाधरराव आले. तेही त्याच मातीतले, त्याच खोडीचे. जेवण झालं. नाना म्हणाले, "चला, कोपऱ्यापर्यंत येतो." बोलता बोलता बसस्टँड आलं. गप्पा रंगल्या म्हणून नाना बसमध्ये चढले आणि थेट लासूर स्टेशनला उतरले. तिथं गंगाधरराव म्हणाले, "नाना, तुमी माझ्यासाठी एवढं आलात, आता मी तुमाला एकटं कसं जाऊ देऊ?" आणि ते नानांना पोहोचवायला परत इथं आले. मग अर्थातच नाना त्यांना पोहोचवायला निघाले. तिसऱ्या फेरीला म्हणे कंडक्टरनं दोघांना ड्रायव्हरच्या मागची सीट कायमची राखून दिली.

इकडं नानांचा फोन फ्रिजवर वाजतोय. वैशाली पुण्याहून लावतेय, उचलायला कुणी नाही. आम्ही सगळी गल्ली पालथी घातली, दवाखाने फिरलो, पोलिसात गेलो. वैशाली रडत रडत आली. शेवटी गंगाधररावांच्या बायकोनं नवऱ्याला घरात घालून बाहेरून कडी लावली, तेव्हा कुठं हा येरझाऱ्यांचा खेळ थांबला आणि नाना घरी आले. वर आम्हालाच विचारतात, "गर्दी का जमलीय? कुणाला पोहोचवायचंय का?"

त्या दिवशी वैशालीनं सगळ्यांसमोर निकाल दिला. "नाना, आता पुन्हा असलं काही कानावर आलं तर मी ऐकणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडं यायचं. घराला कुलूप."

ही साधी धमकी नव्हती. नाना एकदा पुण्याला आठ-पंधरा दिवस राहून आले होते. चौदावा मजला. येणारं कुणी नाही. पार्सलवाले तेवढे यायचे, तर नाना त्यांना लिफ्टनं खाली, फाटकाबाहेर, पुढच्या सोसायटीपर्यंत पोहोचवायचे. पार्सलवाल्यांनी घाबरून पार्सलं खाली वॉचमनकडं टाकायला सुरुवात केली. मग नाना वॉचमनला पोहोचवायला लागले. वॉचमन बिचारा जागेवरून हलायचा नाही, ही एक पंचाईत होती. परत आले तेव्हा नाना निम्मे झाले होते. त्यामुळं "पुण्याला नेते" म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, आता उचलून द्यावा लागतो.

आणि राखण कुणावर? माझ्यावर. "काका, तुम्ही लक्ष ठेवा."

अशात जाहीर झालं, की आपल्या शहरातून सायकलींची मोठी शर्यत जाणार. बाहेरगावचे, बाहेरदेशचे सायकलवाले. स्टेशनकडून येणार, उस्मानपुरा, क्रांती चौक, मग दिल्ली गेटवरून हर्सूल आणि तिथून जळगाव रोडनं पसार.

आधी रस्त्याला दुरुस्तीचा ताप चढला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता. जुना, मानाचा. पत्ता सांगताना आम्ही "खड्ड्यापासून डावीकडं" असंच सांगायचो. तो एका दुपारीत बुजवला. त्यानंतर आमच्या गल्लीत बरेच दिवस एकही पाहुणा आला नाही. सगळे चुकून पुढं जात होते.

शर्यतीच्या दिवशी सकाळीच वैशालीचा फोन. "काका, आज नानांना नजरेसमोर ठेवा हं. सायकली जाणार आहेत. ते गप बसायचे नाहीत." मी म्हटलं, तू निश्चिंत राहा. नानांच्या जुन्या सायकलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि खिशाला वरून सेफ्टीपिन लावली. माझ्या बुद्धीचं मलाच कौतुक वाटलं.

रस्ता बंद केलेला. दोन्ही बाजूंना बांबूचे कठडे. अख्खा उस्मानपुरा रस्त्यावर. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी स्टुलं. एका घरानं तर दिवाण आणला आणि त्यावर म्हातारी आडवी. नाना माझ्या शेजारी, धुतलेला पायजमा, इस्त्रीची टोपी. बंदोबस्ताच्या हवालदाराशी त्यांचं सुरू झालं होतं.

"साहेब, गाव कुठलं म्हणायचं?"

"वैजापूरकडचा."

"वैजापूरकडं कुठं?"

चौथ्या प्रश्नाला हवालदार नानांच्या मेहुण्याच्या साडूचा पुतण्या निघाला आणि नाना कठड्याच्या आतल्या बाजूला, रस्त्यावर, मानानं उभे. मी बाहेर. माझी सासुरवाडी नाशिकची, माझा इलाजच नव्हता.

कोपऱ्यावर सलीमभाईचा चहाचा गाडा. तास-दीड तास वाट बघून मी म्हटलं, "सलीमभाई, एक कटिंग." त्यानं चहा गाळायला घेतला तेव्हा रस्ता मोकळा होता. गाळून झाला तेव्हाही मोकळा होता. मधल्या वेळात शर्यत होऊन गेली. मी फक्त रंगीत वारं बघितलं. कुणी म्हणालं पन्नास होते, कुणी म्हणालं तीनशे.  मग मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि सगळ्या रस्त्यानं उचलून धरलं. दिवाणावरच्या म्हातारीनं उठून विचारलं, "आता परत कधी यायचेत?" परत यायचे नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "अगं बाई, मग आलेच कशाला?" आणि पुन्हा आडवी झाली.

नाना टाळ्या वाजवत नव्हते. रिकाम्या रस्त्याकडं बघत होते.

"गेले?"

"गेले नाना."

"त्यांच्यासंगं कोण गेलं?"

"म्हणजे? पोलिसांची गाडी आहे, अँब्युलन्स आहे, मागून अजून गाड्या…"

"ते नोकरीवर हायेत. आपल्यातलं कोण गेलं?"

मी म्हटलं, आपल्यातलं कशाला जाईल? नाना "पाणी पिऊन येतो" म्हणाले. मी खिसा चाचपला. सेफ्टीपिन होती. किल्ली होती. मी निवांत चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. ओळखीची. आमच्या नातीच्या सायकलीची. गुलाबी सायकल, पुढं टोपली, हँडलला चंदेरी झिरमिळ्या आणि घंटीवर सशाचं तोंड. माझ्याच अंगणातून काढलेली. तिच्यावर नाना, गुडघे कानाला लागलेले. हवालदारानं शेवटच्या गाडीसाठी कठडा सरकवला होता. नानांनी त्याला "येतो रे, पाव्हण्या" म्हटलं आणि गाडीच्या मागोमाग रस्त्याला लागले.

गाडीवरच्या कर्ण्यातून ओरडा आला, "ओ आजोबा! साइडला घ्या!"

"तुमी व्हा म्होरं," नाना ओरडले, "मी कोपऱ्यापर्यंतच येतोय!"

लोक असे ओरडले, की तसे शर्यतीलाही ओरडले नव्हते. वारं बघून कुणाचंच पोट भरलेलं नव्हतं. हा माणूस कसा सावकाश दिसत होता, नीट बघता येत होता. "नाना, दाबा!" "नाना, उजवीकडून काढा!" सलीमभाई गाळणी हातात घेऊन नाचायला लागला. "साब, अपने नाना तो निकल गए! अब कोई नै पकडता!"

मी स्कूटर काढली. रस्ता बंद, त्यामुळं बोळाबोळांतून. क्रांती चौकात पोहोचलो तर नाना पुढं गेलेले. एक जण म्हणाला, "व्हय, एक म्हातारा होता सगळ्यांच्या मागं, गुलाबी सायकलवर." दिल्ली गेटला लोक म्हणाले, "म्हातारा? मधोमध होता की! चांगला जोरात होता. आम्ही हार घातला." हर्सूलच्या अलीकडं एक पानवाला डोळे मोठे करून सांगत होता, "बाबा पैला था साब! बाकी सब उसके पीछे! पायजमे में था, फिर भी पैला!"

तिथून मी घरी बायकोला फोन करून सांगितलं, की काळजी करू नको, नाना हर्सूलला गेलेत. ही माझी चूक. आमच्याकडं हर्सूल म्हटलं की लोकांना आधी तुरुंग आठवतो. मी परत येईपर्यंत गल्लीनं वकील बघून ठेवला होता.

नाना सापडले हर्सूल तलावाजवळ, एका लिंबाखाली. सायकल खोडाला टेकवलेली, हार टोपलीत. टोपीनं वारा घेत बसले होते. रस्ता सुना. शर्यत केव्हाच डोंगराआड गेलेली.

"पोहोचवलं का?" मी चिडून विचारलं.

"व्हय. गेली पोरं. लई गुणी. एक जण मागं राहिला होता, पायात गोळा आला म्हणून. त्याची भाषा मला नाय कळली, माझी त्याला नाय. पण दोघं बोलत बोलत इथवर आलो. जाताना वळून हात केला त्यानं."

"आणि आता वैशालीला काय सांगू? लोकांनी फोनवर चित्रं काढलीत तुमची. संध्याकाळपर्यंत पुण्यात पोहोचतील. ती कुलूप घेऊन येईल."

नाना सशाच्या कानावरची धूळ बोटानं पुसत बसले. मला अजूनच राग आला. बोलू नये ते बोललो.

"कुठल्या कोण परक्या माणसाला हर्सूलपर्यंत पोहोचवता, आणि पोटची पोरगी निघाली की नळ गळतो तुमचा!"

नानांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "कुलकर्णी, पोहोचवून आलं ना, की माणूस गेलं. काम पुरं झालं. तिच्या आईला पोहोचवून आलो मी. पार शेवटापर्यंत. गेली ती."

मी स्कूटरचा स्टँड लावला आणि शेजारी टेकलो.

"पोरीला नाय पोहोचवत. आपण घरात राहायचं, नळाखाली हात धरायचा. मग वाटतं, कोपऱ्यावर गेलीय. येईल."

  मी स्कूटर चालू केली. नाना सायकल सोडून यायला तयार नव्हते, म्हणून ते पुढं सायकलवर आणि मी मागं, इतका हळू, की एक गाढव आम्हाला ओलांडून गेलं आणि त्यानं वळून बघितलं. गल्लीत वकिलाला परत पाठवलं. नानांना त्यांच्या दारापर्यंत नेलं. ते आत गेले. मी रस्त्यावर उभा राहिलो, आतला दिवा लागेपर्यंत. दिवा लागला, आणि दार उघडून नाना पुन्हा बाहेर. पायात चपला. "चला, तुमाला पोहोचवतो."

वैशाली रविवारी आली. हातात दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. त्या बघितल्या आणि नाना चहाचं आधण ठेवायला आत गेले ते बाहेरच येईनात. तिनं कपाट उघडलं, नानांचे सदरे पलंगावर काढले. मग चहात साखर नाही म्हणून आमच्याकडं आली. साखर त्यांच्याकडं होती. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

"काका, तुम्ही लक्ष ठेवणार होतात," ती म्हणाली. "जगानं बघितला तो व्हिडिओ. माझ्या ऑफिसात लोक हसत होते. उद्या ट्रकखाली आले असते म्हणजे? मी तिकडं बसून कुणाला विचारायचं?"

तिचं बरोबर होतं. मी सबबी सांगितल्या नाहीत. लिंबाखाली नाना जे बोलले ते मात्र सांगितलं. जसंच्या तसं. माझ्या पदरचं एक अक्षर न घालता, आणि माझ्याबाबतीत ही केवढी गोष्ट आहे, ते आमच्या मंडळींना विचारा.

वैशालीनं ऐकलं.  मग उठली, साखरेची वाटी तिथंच विसरून.

दुपारी भिंतीपलीकडून कपाटाचं दार वाजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. संध्याकाळी रिक्षा आली. आम्ही सगळे नेहमीसारखे दारात. वैशाली बाहेर आली. दोन्ही बॅगा आल्या तशाच, घडी घातलेल्या, काखेत. आत नळ सुरू होता.

ती फाटकाशी थांबली. आत तोंड करून, घर झाडताना हाक मारावी तसं सहज म्हणाली, "नाना, मी जरा कोपऱ्यावर जाऊन येते."

नळ थांबला.

 मग नानांचा आवाज आला.

"बरं. येताना कोथिंबीर आण. बघून आण, मागच्यासारखी पिवळी नको."

"आणते."

रिक्षावाल्याला ती हळूच "बसस्टँड" म्हणाली आणि आत बसली. या वेळी तिनं मागं वळून बघितलं नाही. कोपऱ्यावर जाणारं माणूस कशाला बघेल? मी नेहमीच्या सवयीनं हात वर केला होता. तो मधेच थांबवला आणि त्यानं कान खाजवला.